स्पीच थेरपिस्ट व्हायचंय? सीमाभागातल्या मुलांनो, या चुका टाळा

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे पेशंटांपेक्षा पालकच जास्त येतात. खानापूरचे, निपाणीचे, येळ्ळूर-उचगावचे. "मॅडम, आमच्या पोरीला बोलायला लई आवडतंय, तिला तुमच्यासारखं करायचंय." मी चहा मागवते आणि विचारते, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला काय घेणार? बहुतेक वेळा उत्तर येतं, आर्ट्स. बोलण्याचं काम म्हणजे भाषेचं काम, आणि भाषा म्हणजे आर्ट्स, असा साधा हिशेब.

चूक इथेच सुरू होते. आपल्याकडे या कामाची पदवी म्हणजे बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी. तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी चार वर्षांची. तिला बारावीला सायन्स लागतं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला पर्याय नाही. तिसऱ्या विषयाला म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत बायोलॉजी, गणित, कॉम्प्युटर सायन्स, स्टॅटिस्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, सायकॉलॉजी यांतला कुठलाही एक चालतो. त्यामुळे पीसीएमसी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, कॉम्प्युटर घेऊन बसलेल्यांनी रडायचं कारण नाही. पण महाराष्ट्रातल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत या पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, आणि नीट म्हटलं की बायोलॉजी आलीच. दोन्ही राज्यांची दारं उघडी ठेवायची असतील तर पीसीएमबी घ्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या जागी बायोलॉजी. चार विषय जड जातात, मान्य. पण सीमेवर राहून एकाच बाजूचं दार ठेवणं मला तरी पटत नाही.

फिजिक्स कशाला, हा पुढचा प्रश्न. अहो, आवाज म्हणजेच फिजिक्स. ध्वनीचा जो धडा सगळे ऑप्शनला टाकतात, त्यावर पहिल्या वर्षाचा निम्मा भार उभा असतो. फ्रिक्वेन्सी, डेसिबल, अनुनाद. सोबत शरीररचना, मेंदूचे भाग, भाषाशास्त्र, मानसशास्त्र. आणि पदवीच्या नावात ऑडिओलॉजी आधी येतं, ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कानाची तपासणी, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख वाचणं, श्रवणयंत्र बसवणं, हे सगळं पदवीला शिकावंच लागतं. स्पीच की ऑडिओलॉजी ही निवड दोन वर्षांच्या एमएस्सीला करायची असते. "मला फक्त स्पीच करायचंय, कान नको" म्हणणारी मुलं दुसऱ्या वर्षाला फार कंटाळतात.

अमेरिकेचा नकाशा घेऊन म्हैसूर शोधू नका

मोबाइलवर शोधलं की जी माहिती आधी समोर येते ती अमेरिकेची. तिथं कुठल्याही विषयाची पदवी घ्या, राहिलेले काही पेपर भरून काढा, मग मास्टर्स करा आणि नंतर लायसन्स मिळवा, असा रस्ता आहे. मास्टर्सशिवाय तिथं स्वतंत्र काम करता येत नाही. आपल्याकडे उलट आहे: पदवीनंतरच नोंदणी होते आणि काम सुरू करता येतं, पण दुसऱ्या विषयाची पदवी घेऊन मधूनच घुसता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं सायकॉलॉजीत बीए केलं होतं, चांगले गुण होते, आणि आता एमएस्सी स्पीचला अर्ज करते म्हणत होती. तिला सांगताना माझीच जीभ जड झाली.

असं झालं असेल तर काय? बारावी सायन्स पुन्हा करायची तयारी असेल तर करा. दोन वर्षं गेली म्हणून कोणी म्हातारं होत नाही. फक्त ज्या संस्थेत जायचंय तिची वयाची अट आधी बघा. नाहीतर बीए नंतर विशेष शिक्षणाचं बीएड आहे, दोन वर्षांचं. त्यात ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्याची शाखा आहे. चांगलं काम आहे, गरजही आहे, पण ते शिक्षकाचं काम आहे, थेरपिस्टचं नव्हे. ते केल्यावर दारावर स्पीच थेरपिस्टची पाटी लावता येत नाही.

तसंच डीएचएलएसचं. हा ऐकण्या-बोलण्याच्या विषयातला एक वर्षाचा डिप्लोमा. सहायकाचं काम मिळतं. "एका वर्षात थेरपिस्ट" असं सांगून कुणी गळ घालत असेल तर लांब राहा.

परवानगीचा कागद

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याखाली चालते. तिची मान्यता नसलेल्या कोर्सला काही किंमत नाही, कारण मान्यता नसेल तर नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय प्रॅक्टिस नाही. लोक कॉलेजला मान्यता आहे का एवढंच विचारतात. विचारायचं असतं ते हे: याच कोर्सला आहे का, आणि कुठल्या वर्षापर्यंत? मान्यता कोर्सनिहाय आणि ठरावीक वर्षांची असते. परिषदेच्या वेबसाइटवर यादी असते, ती स्वतः उघडून पाहा, कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसाच्या तोंडावर जाऊ नका. घरबसल्या बीएएसएलपी असा प्रकारच नाही.

जवळचं म्हणाल तर धारवाडला जेएसएसची संस्था आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. म्हैसूरची संस्था १९६५ ची, केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याची. तिथं स्वतःची प्रवेश परीक्षा असते. पुण्यात भारती विद्यापीठात आहे. प्रत्येकाची तारीख वेगळी, फॉर्म वेगळा. "सीईटीचा निकाल लागल्यावर बघू" म्हणणाऱ्यांच्या हातून म्हैसूरचा फॉर्म निसटतो.

कन्नड येत नाही, चालतंय की?

ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा लांबण लावते. मी मराठी शाळेतली. कन्नड शाळेत होतं, पण पास होण्यापुरतं. परीक्षा इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, मग काय अडलंय, असं वाटलं. म्हैसूरला राहून कामापुरतं कन्नड उचललं आणि त्याच जोरावर इंटर्नशिपला पक्षाघात झालेल्या एका अज्जांना तपासायला बसले. चित्रं दाखवायची आणि नावं विचारायची. केरसुणीचं चित्र दाखवलं. अज्जा म्हणाले, "कसबरगी." माझ्या कागदावर उत्तर होतं "पोरके". मी चूक मांडली. अशा चार-पाच चुका मांडल्या आणि शब्द आठवत नाहीत असा अहवाल लिहिला. आमच्या सीनियर बाईंनी तो वाचला, अज्जांच्या गावाचं नाव पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. उत्तर कर्नाटकात केरसुणीला कसबरगीच म्हणतात. खानापूरपासून तासाभरावरच्या गावात जो शब्द रोज बोलतात तो मला माहीत नव्हता, आणि मी आजाऱ्याच्या नावावर दोष लिहिला होता.

उलटंही होतं. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात पोरी "मी जातो, मी आलो" म्हणतात. मीही घरी तसंच बोलते. हे माहीत नसलेला थेरपिस्ट सहा वर्षांच्या मुलीच्या अहवालात लिंगाची चूक लिहून मोकळा होईल. मराठीत "चाक" मधला च वेगळा आणि "चार" मधला वेगळा. कन्नडात हा भेद नाही. घरी कन्नड बोलणारं मूल मराठी शाळेत "चाक" चारसारखं म्हणालं तर ते बोबडं नाही, फक्त कन्नड आहे. हे ओळखायला दोन्ही भाषा कानात लागतात, आणि सीमाभागातल्या मुलाच्या कानात त्या फुकट पडतात. पुस्तकी कन्नड नको, बाजारातलं घ्या. लिहायलाही शिका, कारण पेशंटच्या घरच्यांना सराव लिहून द्यावा लागतो.

याच्याच जोडीची दुसरी चूक पालकांची, आणि कधी कधी थेरपिस्टचीही. "घरी मराठी बंद करा, दोन भाषांनी पोरगं गोंधळतंय." दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. खरीच अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. आजीची भाषा बंद करून पोराचं आजीशी बोलणं तेवढं तुटतं. (वेखंड उगाळून चाटवल्यानं बोलणं सुटतं हेही मला रोज ऐकायला मिळतं. आजीशी त्यावर वाद घालायचा नसतो, आधी कानाची तपासणी करून घ्यायची.)

लहान मुलांसोबत खेळायचं काम?

तेही आहे. पण पक्षाघातानंतर घास गिळता न येणारी माणसं आहेत, ठसका लागून न्यूमोनिया होणारी. स्वरयंत्र काढलेली आहेत. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पुन्हा गिळायला आणि बोलायला शिकवणं हेही आमचंच काम. तोंडात हात घालावा लागतो, वास येतो, लाळ पुसावी लागते. कॉलेजला जाण्याआधी एखाद्या थेरपिस्टच्या खोलीत दोन दिवस कोपऱ्यात बसून बघा, पेशंटची परवानगी घेऊन.

राहिला कागदपत्रांचा विषय. महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिकडच्या प्रवेशांत काही कोर्सेसना वेगळी सोय असते. तुमच्या कोर्सला आणि तुमच्या वर्षी आहे का, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. शेजारच्या दादाला इंजिनिअरिंगला मिळाली म्हणून इथंही मिळेल असं नाही. सोय असलीच तर गावाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. तो फॉर्म भरायच्या आठवड्यात मागायला जाऊ नका. तेव्हा तहसीलदार कचेरीत रांग असते, आणि हेडमास्तर सुट्टीला गावी गेलेले असतात.