पाम बीचचा कंटाळा आलाय? आडवाटेवर धावायला अशी सुरुवात करा

रोज नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर किंवा ठाण्यातल्या उपवन तलावाभोवती दहा किलोमीटर मारणाऱ्याला डोंगरातली पायवाट पहिल्याच दिवशी खजील करते. सहा मिनिटांच्या किलोमीटरला दहा मिनिटं लागतात आणि धाप वेगळीच. म्हणून घड्याळातला वेग बघूच नका, फक्त मिनिटं मोजा. रस्त्यावर तासभर धावणाऱ्याने डोंगरात चाळीस मिनिटंच ठेवावीत. वीस मिनिटं झाली की वाट कितीही मोहात पाडत असली तरी मागे फिरायचं.

सुरुवात देवाच्या वाटेने करा, म्हणजे घणसोलीमागचा गवळीदेव किंवा रबाळ्याची सुलाईदेवी. भाविकांची ये-जा असल्याने वाट चांगली मळलेली असते आणि एरवी सकाळी तिथे फारसं कुणी नसतं. खारघरच्या डोंगरावर चढणारा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून फणसवाडी-चाफेवाडीच्या बाजूला फुटणाऱ्या पायवाटा मात्र बहुतेकांनी पाहिलेल्या नसतात. नवीन वाट पहिल्यांदा चालतच जा. धावताना नजर पायाखाली असते, फाटे दिसत नाहीत.

चुकतं ते फाट्यावरच, आणि बहुतेक वेळा ढोरवाटेमुळे. ढोरवाट उतारावर आडवी, जवळजवळ सपाट जाते, शेण दिसतं, मग तिच्या चार वाटा होतात आणि सगळ्या गवतात विरतात. माणसांची वाट पाणी, देऊळ किंवा पाडा गाठते. तिच्यावरचे दगड झिजलेले असतात, आडव्या फांद्या कोयत्याने तोडलेल्या असतात. (गुटख्याची पुडी ही सगळ्यात भरवशाची खूण, काय करणार!) प्रत्येक फाट्यावर थांबा, मागे वळून पाहा, फोटो काढा. परतताना हीच जागा ओळखायची असते आणि उलट्या बाजूने ती निराळीच दिसते.

दिशेचं गणित सोपं आहे. घणसोली-रबाळ्यामागची पारसिकची डोंगररांग साधारण दक्षिणोत्तर आहे. पश्चिमेला ठाणे-बेलापूर रोड आणि खाडी, पूर्वेला शीळ-तळोजा. सकाळी सूर्य पाठीशी ठेवलात तर घणसोली-रबाळ्याच्या अंगाला उतरता. ठाण्यामागच्या येऊरच्या डोंगरात बरोबर उलटं, ठाणे शहर पूर्वेला आहे. तिथे पश्चिमेकडे जाणं म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत शिरणं. विनापरवाना आत जाणं गुन्हा आहे आणि बिबळ्याचं घरही तेच. वनखात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय येऊरच्या आडवाटा धरूच नका. दिशा कळली म्हणून वाट सोडून सरळ खाली घुसायचंही नाही. मध्ये कातळकडा लागला तर ना खाली जाता येतं, ना वर.

उतार हा खरा शिकण्याचा भाग. दिवाळीनंतर गवत वाळतं, मुरूम सुटा होतो आणि घसारा तयार होतो. घाबरून माणूस मागे रेलतो, टाच आधी टेकते आणि पाय सटकतो. मग हात मागे टेकून मनगट दुखावतं. गुडघे सैल ठेवा, अंग किंचित पुढे, पावलं आखूड आणि भरभर, नजर तीन-चार मीटर पुढे. बुटाच्या तळाला 4-5 मिलीमीटरचे दाते पुरतात. बूट अर्धा नंबर मोठा घ्या आणि घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातूनही नाडी ओवून घट्ट बांधा. नाहीतर उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. ओल्या कातळावर शेवाळ असेल तर कुठलाही महागडा बूट उपयोगाचा नाही, तिथे चालायचं.

जून ते सप्टेंबर ओढे ओलांडाव्या लागणाऱ्या वाटा सोडून द्या. वर पाऊस पडला की काही मिनिटांत पाणी चढतं. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे जायला बंदी असते, ती उगाच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कमरेपर्यंत येतं, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. फुरसं हा विषारी साप, दगड-मुरमात बेमालूम मिसळून जातो. चावलंच तर आवळपट्टी बांधू नका, कापू नका, पाय हलवू नका. 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचे महिने, फक्त खाजकुयलीच्या वाळलेल्या, सोनेरी लव असलेल्या शेंगांपासून लांब राहा. अंगाला लागली तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून कुसं उचलून काढा, मगच पाणी. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत खाली या.

पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नका. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, मेमध्ये सहाला, त्यामुळे गजर ऋतूप्रमाणे बदला. कानात इयरफोन नकोत, सोबत किमान एकजण हवा. तासाभरासाठी अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात पाऊण. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या बाटलीत रिकामी करू नका. शिट्टी, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला फोन आणि आधीच उतरवून ठेवलेला नकाशा जवळ असू द्या. डोंगराच्या घळीत रेंज जाते. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत खाली येणार हे घरी सांगून निघा.

गंमत आहे ती एकच वाट वर्षभर धरण्यात. जानेवारीच्या शेवटाला निष्पर्ण काटेसावर लाल होते, मग पांगारा, मग पळस. मेमध्ये जाळीत करवंदं पिकतात आणि वीस मिनिटांचा हिशेब हमखास कोलमडतो. तेवढी सूट द्यायला हरकत नाही.

आठवड्यात आडवाट एकदाच, बाकी दिवस नेहमीचा रस्ता. दुसऱ्या दिवशी मांड्या जिना उतरताना बोलतील. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत ते ओसरतं. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर आठवडाभर उतार बंद.