जाणकाराकडे नेण्याआधी चित्राची पाठ बघा

आजोळी माडीच्या जिन्याशी एक मोठं तैलचित्र होतं. माळावर काळविटामागे सुटलेला चित्ता आणि लांब मागे एक बैलगाडी. घर कोल्हापूरकडचं. संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे, चित्त्याला माळापर्यंत बैलगाडीतूनच नेत, त्यामुळे विषयाचं नवल नव्हतं. सही मात्र कुठेच नाही. वाटणीच्या वेळी मी ते मुंबईला जुन्या चित्रांच्या एका जाणकारांकडे नेलं. त्यांनी चित्र उलटं केलं आणि विचारलं, "जुनी पाठ कुठाय?" ती मी आठच दिवसांपूर्वी फ्रेमवाल्याकडून काढून घेतली होती. ढेकणांचा वास येत होता म्हणून. मागे नवं पांढरं प्लाय होतं आणि माझ्या फोनमध्ये चित्राच्या पुढच्या बाजूचे चाळीस फोटो.

म्हणून सगळ्यात आधी पाठ. चित्र भिंतीवरून उतरवलं की दुसरं काहीही करायच्या आत मागचा फोटो घ्या. आधी अख्ख्या पाठीचा, मग चारही कोपऱ्यांचा जवळून, मग लेबल, आकडा, पेन्सिलची रेघ, कापडावरचा पुसट ठसा अशा एकेका खुणेचा. विन्सर अँड न्यूटन, रीव्ह्ज या विलायती कंपन्या कॅनव्हासच्या मागे ठसा मारत, आणि त्या ठशातल्या पत्त्यावरून कापड साधारण कोणत्या वर्षांतलं ते काढता येतं. कापड चौकटीवर बारीक खिळ्यांनी ठोकलंय की स्टेपल पिनांनी, तेही टिपा. पिना दिसल्या तर एक तर चित्र अलीकडचं, नाही तर कापड कधीतरी पुन्हा ताणलेलं. आमच्या चित्राच्या मागे खाकी कागद होता, त्यावर पेन्सिलने मोडीत दोन ओळी आणि कसरीने कुरतडलेलं अर्धं लेबल. त्या ओळी घरात कुणी कधी वाचून घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी धावत फ्रेमवाल्याकडे गेले, तोवर कागद कचऱ्याच्या गाडीत गेला होता. सही नसलेल्या चित्राची ओळख बहुतेक वेळा पाठीवरच असते हो. फ्रेम बदलू नका. मागचा कागद फाडू नका, कितीही मळका असो. मोडी असेल तर फोटो मोडी वाचणाऱ्याकडे आधी पाठवा.

पुसणं नाही. ओल्या फडक्याने नाही, कापलेल्या बटाट्याने नाही, तेलाने तर नाहीच. सुटू लागलेला रंग फडक्याबरोबर निघून येतो आणि मग चित्त्याच्या पाठीवर पांढरा डाग राहतो. पिवळटपणा बहुधा जुन्या व्हार्निशचा असतो, तो काढणारे लोक वेगळे.

मापं फ्रेम सोडून, सेंटिमीटरमध्ये, उंची आधी. उजेड दिवसाचा, फ्लॅश बंद.

सही नाही असं ठरवण्याआधी टॉर्च आडवी धरून खालचे दोन्ही कोपरे बघा. गडद गवतात गडद रंगाची सही समोरून दिसत नाही. फ्रेमच्या काठाखालीही ती दडते, पण फ्रेम स्वतः उघडू नका. भिंगही लावा. छापील चित्रावर व्हार्निश चढवून तैलचित्राचा भास करण्याची पद्धत जुनी आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू झाला आणि अशी ओलिओग्राफं घरोघरी पोचली. भिंगातून ठिपक्यांची छपाई दिसली तर प्रवासखर्च वाचेल.

प्राणी कोणता तेही नीट बघून घ्या. आपण बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतो. चित्त्याचे ठिपके भरीव, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलं. काळविटामागे धावणाऱ्या चित्त्याच्या अंगावर फुलं काढलेली असतील, तर चित्रकाराने तो जवळून पाहिला होता का, ही शंका रास्त आहे. भारतातला चित्ता 1952 मध्ये नामशेष जाहीर झाला.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी आत्ताच बोला, पुढच्या दिवाळीची वाट नको. चित्र कुणी आणलं, कुठल्या भिंतीवर होतं, सगळं फोनवर रेकॉर्ड करा. "बाबूराव पेंटरांचं ना हे?" असं विचारू नका, ती हो म्हणतील. माझी मावशी म्हणाली, आणि मी ते जाणकारांना जसंच्या तसं सांगितलं. पुराव्याशिवाय मोठं नाव घेतलं की आपलं बाकीचं खरं बोलणंही पातळ होतं. जुने लग्नाचे फोटो चाळा. मागच्या भिंतीवर चित्र दिसलं तर त्या तारखेला ते घरात होतं, हे पक्कं होतं.

किंमत कशासाठी हवी ते आधी ठरवा. विमा, वाटणी, विक्री, तिन्हींचे आकडे वेगळे येतात. किमतीवर टक्के मागणारा जाणकार नको, आणि तोच विकत घेतो म्हणत असेल तर उठा. परदेशातल्या भावाकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांहून जुनं चित्र 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

नेताना पावसाळा टाळा. रंगाला बबल रॅप थेट लावू नका, आधी ग्लासीन कागद, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, गाडीत उभं, वर काही ठेवायचं नाही.

तिथे गेल्यावर बोलणं कमी. अहवाल लेखी, तारखेसह. चित्र ठेवून यायचं असेल तर पावती, पावतीवर मापं. आणि पाठीचे फोटो छापून बरोबर, मूळ फोटो दोन ठिकाणी जपलेले.