झऱ्याचं मूळ शोधताना बाटलीतच होणाऱ्या चुका

पावसाळा सरला की इंदूरला माझ्याकडे दोन-तीन पोरं हमखास येतात. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि चेहऱ्यावर घाई. "सर, जानापावच्या डोंगरावरच्या कुंडाचं सॅम्पल आणलंय. पाणी कुठून येतं तेवढं सांगा ना." मी आधी बाटली उलटी धरतो. आत हवेचा बुडबुडा सरकला की ती बाजूला ठेवतो. पोरांना वाटतं, म्हातारा खडूस आहे. असेन.

प्रकरण साधं आहे. पाणी कुठून आलं ते त्यातल्या जड अणूंच्या प्रमाणावरून ओळखायचं. पाण्यातल्या दर पाचशे ऑक्सिजन अणूंमागे साधारण एक जड असतो, ऑक्सिजन-१८. हायड्रोजनचाही ड्यूटेरियम हा जड भाऊ आहे. वाफ होताना हलकं पाणी आधी उडतं, ढगातून पडताना जड आधी पडतं. १९६१ साली हार्मन क्रेग यांनी जगभरची पाणी मांडून रेषा काढली: ड्यूटेरियमचा आकडा म्हणजे ऑक्सिजन-१८ च्या आकड्याची आठपट अधिक दहा. आकडा म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत जड अणूंचं प्रमाण दर हजारी किती कमी-जास्त. पावसाचं पाणी या रेषेच्या आसपास बसतं. उघड्यावर किंवा अर्धवट भरलेल्या बाटलीत वाफ झालेलं पाणी रेषेखाली घसरतं, उतार आठाचा चार ते सहावर येतो.

म्हणूनच कुंडातून नमुना घेऊ नका. कुंड म्हणजे झरा नव्हे. तिथे पाणी दिवसेंदिवस उन्हात पडून असतं आणि तुम्ही मोजता ते ऊन.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. महूच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी एका गावात झऱ्याचं काम होतं. एप्रिलमधली दुपार. मी कुंडात हात घालून बाजारातली पातळ प्लास्टिकची बाटली भरली, तीही पाऊण. ती जीपच्या काचेपाशी राहिली, मग महिनाभर टेबलावर. आकडे रेषेखाली आले आणि मी आनंदाने लिहून दिलं की झऱ्याला वरच्या तळ्याचं पाणी मिळतं. गावात एक निवृत्त गुरुजी होते, आपलेच मराठी, शेती करायला तिकडे राहिलेले. ते म्हणाले, "अहो साहेब, तळं मार्चातच कोरडं पडतं. झरा मेपर्यंत वाहतो. मग?" मी म्हणालो, "गुरुजी, मशीन खोटं बोलत नाही." मशीन खरंच बोललं होतं. खोटी बाटली होती. त्या उन्हाळ्यात गावाने राबून तळ्यातला गाळ काढला, आणि माथ्यावरच्या ज्या पठारातून पाणी खरंच मुरत होतं, तिथे मुरूम खोदणं चालूच राहिलं.

पुढच्या वर्षी मी सलाईनची नळी घेऊन गेलो. काळ्या कातळाच्या खाली, तांबड्या मातीच्या थरावरून जिथे पाणी पाझरत होतं, त्या भेगेत नळी वीतभर आत सारली आणि सिरिंजने ओढत राहिलो. एक बाटली भरायला वीस मिनिटं. नमुना थेट पावसाच्या रेषेवर बसला. गुरुजींनी चहा दिला, दुसरं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासूनची माझी सवय: जाड प्लास्टिकची किंवा काचेची छोटी बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली, पाण्याखाली धरूनच झाकण लावलेली, झाकणावर इलेक्ट्रिशियनची टेप. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या. आम्ल घालायचं नाही, ते धातू मोजणाऱ्यांचं काम. काचेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवायची नाही. का, ते एकदा ठेवून बघा.

दुसरा लाडका घोटाळा उंचीचा. कुठेतरी वाचलेलं असतं की दर शंभर मीटरला ऑक्सिजन-१८ साधारण ०.१५ ते ०.५ प्रति हजार घटतो. झालं, एका नमुन्यावरून पाणी कोणत्या उंचीवर मुरलं ते काढायला बसतात. अरे, हा हिमालय आहे का? इंदूर साधारण ५५० मीटरवर, जानापाव साडेआठशेच्या आसपास. तीनशे मीटरांत फार तर दीड प्रति हजारचा फरक, एरवी अर्ध्याचा. एकाच पावसाळ्यात दोन सरींमधला फरक याच्या कितीतरी पट असतो. माळव्यात उंचीचं गणित मांडायचं तर आधी माथ्यावर आणि पायथ्याला पावसाची भांडी लावा, जून ते सप्टेंबर दर महिन्याचं पाणी गोळा करा, आणि सरासरी काढताना ज्या महिन्यात जास्त पडलं त्याला जास्त वजन द्या. एक सर म्हणजे पावसाळा नाही. हे सांगितलं की निम्मी पोरं परत येत नाहीत.

पावसाच्या भांड्यात वाफ अडवायला पॅराफिन तेल ओतणारे अजून भेटतात. नमुना लेझरच्या यंत्रावर जाणार असेल तर तेल नको, यंत्राच्या पोटात दुखतं. फनेलची नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडा, काम होतं.

शहरातल्या बावडीचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचा, नमुना घेताना त्याच दिवशी शेजारच्या नळाचंही पाणी घ्या. १९७८ पासून इंदूर नर्मदाकाठच्या जलूदहून चढवलेलं पाणी पितंय. 'कधी न आटणारा झरा' पुष्कळदा फुटकी पाइपलाइन निघते. वाड्यातल्या आजींना हे तुम्ही सांगा, मी सांगणार नाही.

दोन पाण्यांचं मिश्रण काढून '६३.४ टक्के' लिहू नका. मिसळलेल्या दोन पाण्यांच्या आकड्यांत एकचा फरक आणि मोजणीत ०.१ ची चूक असेल, तर तो दशांश कुठून आला?

आणि लेबल. बाटलीवर, झाकणावर नव्हे. झाकणं अदलाबदल होतात. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, विद्युतवाहकता. परवा एकाने आणलेल्या तिन्ही बाटल्यांवर 'झरा' लिहिलं होतं, आणि तिसरीवर 'झरा (नवा)'.