कॉम्बो अ‍ॅम्पचं हेड कसं करावं: सागवानाची पेटी आणि चपडीचं पॉलिश

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडया (रात्री नाटकं होणाऱ्या गावजत्रा) सुरू झाल्या की गिटारवाल्याचा अ‍ॅम्प घरात राहत नाही. आज वडशाकडे, उद्या सिंदेवाहीकडे, परवा लाखांदूरच्या बाजूला. रात्रभर नाटक आणि पहाटे सामान पुन्हा गाडीत. कॉम्बोमध्ये अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असतात, त्यामुळे ती जड होते आणि चढवता-उतरवता आदळते. वाजवताना स्पीकरचा हादरा त्याच पेटीतल्या सर्किटला बसतो आणि हळूहळू सोल्डरिंगला चिरा जातात. त्यात पेटी चिपबोर्डची असेल तर एका पावसात कोपरे फुगतात. अ‍ॅम्प काढून वेगळ्या छोट्या पेटीत बसवला की त्याचं हेड होतं. हेड मांडीवर घेऊन बसता येतं, स्पीकरची पेटी मागे टाकता येते.

आपल्याकडचे बहुतेक अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचे असतात आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प असेल तर पेटी जरूर तुम्ही बनवा, पण आतलं काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या. त्यात प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट साठून राहू शकतात, आणि स्पीकर न जोडता तो चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

कामाला दसऱ्याच्या आसपास बसावं. पावसाळ्यात चपडीवर, म्हणजे लाखेच्या पॉलिशवर, पांढरी झाक येते. एप्रिल-मेच्या उन्हात स्पिरिट इतक्या लवकर उडतं की हात फिरवायलाही वेळ मिळत नाही.

उघडण्याआधी

प्लग काढा आणि निदान अर्धा तास थांबा. पेटीच्या मागची पाटी वाचा. स्पीकर किती ओमचा आणि अ‍ॅम्पला कमीत कमी किती ओम चालतो, हे वहीत लिहून ठेवा. पाटी पुसली गेली असेल तर स्पीकरची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओमचा ३ ते साडेतीन. प्रत्येक वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मुख्य, सर्वांत मोठ्या कपॅसिटरवर डीसी व्होल्ट मोजा आणि काटा शून्याजवळ आल्याशिवाय आत बोट घालू नका.

थ्री-पिनमधली अर्थिंगची वायर कधीही कापू नका. घरघर येते म्हणून ती काढून टाकणारे लोक भेटतात. गिटारच्या तारा धातूच्या आणि त्या अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या. एका हातात तारा आणि ओठांजवळ माइक असताना अर्थिंग नसेल तर जीव जाऊ शकतो. जिथे वाजवायचं तिथलं अर्थिंग खरं आहे का, हेही मंडपवाल्याला विचारा.

स्पीकरची वायर

कॉम्बोत स्पीकरच्या दोन वायरी थेट सर्किटपासून येतात. हेडमध्ये त्या एका सॉकेटवर घ्यायच्या. सोपं म्हणजे पी-३८ मोनो (गिटारच्या पिनसारखं पाव इंची), त्याहून चांगलं स्पीकॉन, कारण ते ओढलं तरी निघत नाही. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बऱ्याच ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची मायनस वायर बॉडीला जोडलेली नसते. धातूचं पी-३८ सॉकेट चॅसिसच्या, म्हणजे सर्किट ज्यावर बसवलेलं असतं त्या सांगाड्याच्या, पत्र्यात बसवलं तर आउटपुट शॉर्ट होऊन आयसी जाऊ शकते. म्हणून प्लास्टिकचं सॉकेट घ्या आणि ते मागच्या लाकडी फळीत बसवा. हेडपासून स्पीकरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची दुहेरी वायर वापरा. गिटारची केबल इथे चालत नाही. आतली तार बारीक असल्याने ती तापते.

प्लस-मायनसची खात्री पेन्सिल सेलने होते. सेलचं टोक एका टर्मिनलला आणि तळ दुसऱ्याला क्षणभर टेकवा. स्पीकरचा कागदी कोन टपकन बाहेर आला तर टोकाकडचं टर्मिनल प्लस, आत गेला तर मायनस. लाल खूण करून ठेवा. एकच स्पीकर असेल तर उलटसुलटने फारसं बिघडत नाही, पण पुढे दुसरी पेटी जोडली आणि दोन्ही एकमेकींच्या उलट लागल्या तर बासचा आवाज एकमेकांत मरतो.

पेटी

लाकडाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाला तोड नाही, आणि पाडलेल्या घराच्या दाराची, पाटाची फळी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण ती पुरती वाळलेली असते. फक्त रंधा लावण्याआधी खिळे शोधून काढा. नवं लाकूड आरामशीनवरून घेताना पावती मागून घ्या. सागवान परवडत नसेल तर १८ एमएमचं चांगलं प्लाय वापरा, वरून रेक्झिन लावा. चिपबोर्डच्या वाटेला परत जाऊ नका.

माप चॅसिसचंच घ्यायचं. आतली लांबी चॅसिसपेक्षा दोन-तीन एमएम जास्त ठेवा, त्याहून जास्त ठेवली तर चॅसिस खडखडतो. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) वर आणि मागे मोकळी जागा हवी. मागच्या फळीत चार-पाच सेंटिमीटरची आडवी फट ठेवा आणि तिला आतून बारीक लोखंडी जाळी मारा. उंदीर आत गेला तर पहिल्यांदा वायरीच कुरतडतो. जुन्या पेटीत चॅसिसच्या उघड्या बाजूसमोर चांदीसारखा कागद किंवा पत्रा चिकटवलेला असेल तर तोही नव्या पेटीत त्याच जागी घ्या. तो बाहेरची गुणगुण अडवतो.

हँडल मधोमध बसवू नका. ट्रान्सफॉर्मर एका टोकाला असल्याने पेटी तिरपी लटकते. चॅसिस पेटीत बसवून ती एका गोल पाइपवर आडवी ठेवा आणि सरकवत सरकवत कुठे तोल साधतो ते पाहा. हँडल त्याच रेषेवर येईल. त्याला स्क्रू नको, आरपार नट-बोल्ट आणि रुंद वॉशर लावा.

कोपऱ्यांना डवटेलचा, म्हणजे पंख्याच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवलेला, सांधा सर्वांत मजबूत. तो तुमच्या गावच्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. गुण्या लावून पटाशीने काढलेली त्याची खाच बाजारातल्या कुठल्याही अ‍ॅम्पपेक्षा जास्त टिकेल. सागवान तेलकट असतं, म्हणून फेविकॉल लावण्याआधी सांध्यावर थिनरचं फडकं फिरवा.

पॉलिश

८०, मग १२०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा हात मारलात तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. मी चपडीच सुचवतो. लाख पळसावर, कुसुमावर होते, म्हणजे आपल्याच रानातली वस्तू आहे, आणि ओरखडा पडला तर त्याच जागी पुन्हा हात मारता येतो. लिटरभर स्पिरिटमध्ये पाव किलो चपडी काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, सकाळी कापडातून गाळा. लोखंडी डबा नको, रंग काळवंडतो.

मलमलीत कापूस गुंडाळून पुरचुंडी करा. तिला पॉलिश पाजा आणि हलक्या हाताने, न थांबता फिरवा. मध्येच थांबलात तर पुरचुंडी चिकटून डाग राहतो. अडकायला लागली की तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब. तीन-चार हात झाले की रात्रभर सुकू द्या, जुन्या पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि पुन्हा सुरू करा. चमक तिसऱ्या दिवसापासून दिसायला लागते. स्पिरिटजवळ चूल, बिडी काही नको. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवा.

व्हॉल्व्हच्या पेटीला मात्र चपडीऐवजी पीयू (पॉलियुरेथेन) मारा, उष्णतेने चपडी मऊ पडते.

पहिल्यांदा चालू करताना

रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे सिरीज बोर्ड असतो, १०० वॅटचा पिवळा बल्ब लावलेला. पहिला करंट त्यातूनच द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकर जोडण्याआधी सॉकेटवर डीसी व्होल्ट मोजा. आकडा मिलिव्होल्टमध्ये असायला हवा. व्होल्टमध्ये दिसला तर स्पीकर लावू नका, कॉइल जळेल. सगळं बरोबर असेल तर बंद करून स्पीकर जोडा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, मग थेट लाइनवर घ्या. स्पीकरची पिन नेहमी अ‍ॅम्प बंद असतानाच लावायची आणि काढायची.

जुन्या कॉम्बोत चॅसिसच्या जागी पडलेलं भगदाड १२ एमएम प्लायने बंद करा आणि त्या पेटीला मागे एक सॉकेट द्या. हेडवर आणि स्पीकरच्या पेटीवर, दोन्हीकडे, ऑइल पेंटने ठळक ओम लिहा, म्हणजे अंधारात सामान लावणाऱ्या पोराला विचारावं लागणार नाही.