नाथसागराची पातळी उतरत असताना मोसंबी बागायतदारांसाठी सल्ला

ज्या वर्षी जायकवाडी धरण, म्हणजे त्याचा नाथसागर जलाशय, पावसाळ्यात भरत नाही, त्या वर्षी मोसंबीच्या बागेचे भवितव्य मे महिन्यात नव्हे, तर डिसेंबरच्या सुरुवातीला, आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतील फुलोऱ्यासाठी) ताण देण्याच्या, म्हणजे बागेचे पाणी मुद्दाम तोडण्याच्या, वेळीच ठरते. पैठण, अंबड आणि घनसावंगी परिसरातील बागायतदारांनी 2012-13 च्या दुष्काळात वाळलेल्या बागा स्वतः तोडल्या आहेत. तेव्हा अनेकांनी फळ आणि झाड दोन्ही वाचवण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही गमावले. म्हणून या सल्ल्याचा रोख एकच आहे: पाणी कमी असेल त्या वर्षी फळ सोडावे आणि झाड जगवावे.

प्रथम धरणातील साठ्याचा आकडा नीट वाचायला हवा. बातम्यांत येणारी टक्केवारी जिवंत साठ्याची, म्हणजे वापरासाठी सोडता येणाऱ्या पाण्याची असते. नाथसागराचा जिवंत साठा 2171 दशलक्ष घनमीटर असून त्याखाली 738 दशलक्ष घनमीटर मृत साठा आहे. टक्केवारी शून्यावर आली तरी समोर पाणी दिसत राहते, ते या मृत साठ्याचे असते. काठावरून दिसणाऱ्या त्या पाण्यावर भरवसा ठेवून बहार धरू नये, कारण ते कालव्यात येत नाही आणि टंचाईत पिण्यासाठी राखले जाते. शिवाय हा जलाशय उथळ आणि पसरट आहे. भरलेला असताना त्याचे जलपृष्ठ सुमारे 350 चौरस किलोमीटर असते. ते निम्म्यावर आले आणि भर उन्हाळ्यात दिवसाला 1 सेंटिमीटर थर उडून गेला, असे धरले तरी रोज पावणेदोन दशलक्ष घनमीटर पाणी कोणाच्याही शेतात न जाता संपते. डिसेंबरचा साठा मार्चपर्यंत तसाच टिकेल, असा हिशेब त्यामुळे कधीच जुळत नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला साठ्याचा आढावा घेतला जातो आणि त्यानंतर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तने, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, ठरतात. किती पाळ्या मिळणार आणि शेवटची कधी, हे पाटबंधारे शाखा कार्यालयातून विचारून घ्यावे, नमुना 7 चा पाणी अर्ज मुदतीत द्यावा, आणि मगच रब्बीचे व बहाराचे ठरवावे. अमेरिकेतील वाळवंटात असलेल्या मीड जलाशयाबाबत पुढच्या वर्षीची पाणीकपात ऑगस्टमधील अंदाजावरूनच जाहीर होते. 2021 च्या ऑगस्टमध्ये तेथे पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली, तेव्हा ॲरिझोनाच्या मध्य भागातील शेतकऱ्यांना कोणती जमीन पड ठेवायची, हे हंगामाआधीच ठरवावे लागले. आपल्याकडे आवर्तनाची तारीख पुढे सरकते, ही तक्रार रास्त आहे. पण म्हणूनच शेवटची पाळी मिळणार नाही, असे गृहीत धरून नियोजन करणे शहाणपणाचे ठरते.

आता स्वतःच्या पाण्याचा हिशेब मांडावा. 6 × 6 मीटर अंतरावर हेक्टरी 277 झाडे बसतात. केवळ जगवण्यासाठी झाडाला रोज 40 लिटर धरले, तर दिवसाला सुमारे 11 हजार लिटर, म्हणजे मोठ्या टँकरची एक खेप, आणि मार्च ते मेअखेर सुमारे 10 लाख लिटर पाणी लागते. 30 × 30 × 3 मीटरच्या शेततळ्यात सुमारे 22 लाख लिटर मावतात, मात्र बाष्पीभवनाची घट त्यातून वजा करावी लागते. हा हिशेब एका कागदावर बसत नसेल, तर आंबिया बहारासाठी ताण देऊच नये. ताण तोडायला जानेवारीत पाणी असते, फळ पोसायला मे महिन्यात नसते. फसगत नेमकी इथेच होते. आपोआप आलेली फुले व लहान फळे झाडावर राहू देऊ नयेत. पाऊस वेळेवर झाला, तर मृग बहाराची (जून-जुलैच्या फुलोऱ्याची) संधी पुढे आहेच.

सल (वाळलेल्या फांद्या) आणि पाणसोट (जोमाने वाढणारे, फळ न देणारे फुटवे) काढून झाडाचा पसारा हलका करावा. मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो आणि पाणी 10 लिटर या प्रमाणात बोर्डो पेस्ट करून खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत लावावी. आळ्यात उसाचे पाचट किंवा गव्हाचा भुसा चार-पाच बोटे जाडीने पसरावा आणि वाळवीकडे लक्ष ठेवावे. आळ्यातील मशागत खोल करू नये. बाष्पोत्सर्जन कमी करण्यासाठी केओलीन 800 ग्रॅम, तर पालाशासाठी पोटॅशियम नायट्रेट 100 ते 150 ग्रॅम प्रति 10 लिटर पाण्यात, स्वतंत्र फवारणीतून, पंधरवड्याच्या अंतराने द्यावे.

ठिबक रात्री किंवा पहाटे चालवावे. पाणी पोचते की नाही, हे ड्रिपरकडे पाहून कळत नाही. फांद्यांच्या घेराखाली वीतभर उकरून मूठभर माती दाबावी, लाडू वळला आणि बोटाने सहज फुटला, तर त्या दिवशी पाणी देण्याची गरज नाही. दुपारी पाने वळणे स्वाभाविक आहे, पण सूर्योदयालाही ती वळलेलीच असतील, तर झाड संकटात आहे असे समजावे. बोअरचे पाणी जसजसे खोलवरून येऊ लागते, तसतसे ते बहुधा क्षारयुक्त होत जाते. माती-पाणी परीक्षण करून घ्यावे आणि पांढरा थर धरलेल्या नळ्यांची आम्लप्रक्रिया करावी. ठिबक नसलेल्या दोन-तीन वर्षांच्या कलमांना तळाशी छिद्र पाडून कापडाची वात बसवलेले 5 ते 7 लिटरचे मडके पुरेसे होते.

धरणामागे साठलेल्या पाण्याच्या, म्हणजे फुगवट्याच्या काठावरील शेतकरी पातळी उतरेल तसे पाइप पुढे सरकवत नेतात. प्रत्येक वेळी फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तोंडाची झडप) गाळात रुतणार नाही, असा तरंगत्या पिंपाला बांधावा. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत परवानगी घेऊन मका किंवा कडवळासारखे चारापीक घेता येते, मात्र तेथे कीटकनाशके व तणनाशके मुळीच वापरू नयेत, कारण पुढच्या पुरात तीच जमीन पिण्याच्या पाण्याखाली जाते. बागेबाहेरच्या क्षेत्रात गव्हाऐवजी ज्वारी, हरभरा किंवा करडई घ्यावी. उसाचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटणारे पीक) अशा वर्षी राखणे म्हणजे शेजारच्या बागेचे पाणी तोडण्यासारखे आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. टँकर ठरवायचा असल्यास तो फेब्रुवारीतच ठरवावा, आणि पाणी सर्व झाडांना थोडे थोडे न देता सशक्त, उत्पादक वयाच्या झाडांना आधी द्यावे. जुनी, डिंक्या रोगाने (खोडातून डिंक वाहण्याने) पोखरलेली झाडे त्या यादीतून वगळावीत.