कोरल मिटलं म्हणून औषध ओतू नका: नव्या मरीन टँकमध्ये या चुका टाळा

मुंबईहून मागवलेलं लेदर कोरल (कातड्यासारखं दिसणारं मऊ प्रवाळ) रात्रभर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने प्रवास करून सकाळी सोलापुरात उतरतं, दुपारी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये बसतं, आणि तिसऱ्या दिवशी मित्राला फोन जातो : "गेलं बे, पार मिटलंय." बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं. पण फोन ठेवल्यावर जे सुरू होतं, त्यात मात्र ते खरंच जातं. आयोडीनचे थेंब, जागा बदल, लाइट वाढव, अर्धं पाणी काढ, आणि हे सगळं एकाच संध्याकाळी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कठीण सांगाड्याची कोरल, काळी कोरल, सी फॅन हे सगळं आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. कुणी 'गुपचूप आणून देतो' म्हणालं तरी त्या वाटेला जाऊ नका. इथे जे लिहिलंय ते झोआ, मशरूम, लेदर, झेनिया अशा मऊ कोरलबद्दल.

मिटलेलं कोरल म्हणजे मेलेलं कोरल नव्हे

लेदर कोरल मधूनमधून कात टाकतं. पॉलिप (अंगावरची फुलासारखी उघडणारी छोटी तोंडं) आत ओढले जातात, रंग मळकट होतो, वर मेणचट चकाकी येते आणि मग तो पापुद्रा कडेने सुटायला लागतो. नीट पाहिलं तर पापुद्र्यावर शेवाळाची धूळ बसलेली दिसते. ती झटकून टाकण्यासाठीच हा खटाटोप. चार-पाच दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. या काळात ते बाहेर काढून ब्रशने घासू नका. वेव्हमेकरचा (पाणी हलवणाऱ्या पंपाचा) झोत थेट अंगावर न सोडता, पापुद्रा वाहून जाईल एवढाच प्रवाह जवळून जाऊ द्या. टँकमध्ये दोन-तीन जातींची लेदर असतील तर थोडा ॲक्टिव्हेटेड कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) ठेवा, कारण ही मंडळी एकमेकांना त्रास देणारी रसायनं पाण्यात सोडतात.

रंग उडणं ही वेगळी गोष्ट आहे. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. रंगाचा मोठा भाग त्याचा असतो आणि खाण्याचाही बराचसा. उष्णता किंवा प्रकाश सोसवेनासा झाला की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं आणि फिकं पडतं. फिकं झालेलं कोरल उपाशी असतं, पण जिवंत असतं. शैवाल परत वसायला काही आठवडे लागतात, घाई करून ते लवकर येत नाही.

म्हणून आधी मोजा, मग हात लावा. क्रम असा : तापमान, क्षारता (पाण्यातलं मीठ), अमोनिया, त्यानंतर अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद). जे बिघडलंय तेवढंच हळूहळू सुधारा. काही बिघडलेलं नसेल तर हात बांधून बसा. हेच सगळ्यात अवघड जातं.

तापमान : आपली खरी दुखरी नस

मऊ कोरलला २४ ते २७ अंश मानवतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसतो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत टँक सहज ३१-३२ ला जातो. मग फ्रीझरमधल्या बर्फाच्या बाटल्या आठवतात. बाटली टाकली की पाणी तासाभरात दोन-तीन अंश उतरतं, बर्फ वितळला की पुन्हा चढतं. दिवसातून दोनदा असं हेलकावणं कोरलला संथ २८ अंशांपेक्षा जास्त जड जातं. बाटली ही अगदी अडचणीच्या वेळची सोय आहे, रोजची नव्हे.

आपल्याकडे त्याहून चांगला उपाय फुकटात आहे, तो म्हणजे कोरडी हवा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने तापमान दोन ते चार अंश खाली राहतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय अर्धवट चालतो, आपल्या उन्हाळ्यात मस्त चालतो. पंखा तापमान कंट्रोलरवर लावा, म्हणजे तो २६.५ ला चालू-बंद होत राहील. झाकणाऐवजी बारीक जाळी ठेवा. खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन टँकच्या पंख्याचा जोर थोडा कमी होतो, पण खोलीच गार होते, त्यामुळे एकूण हिशेब फायद्याचाच. पश्चिमेच्या खिडकीला जाड चादर लावायला विसरू नका. आपल्या गावात चादरीला तोटा नाही.

डिसेंबर-जानेवारीतली चूक नेमकी उलटी : 'सोलापुरात कसला हीटर' म्हणून न घेतलेला हीटर. पहाटेचा गारठा उघड्या टँकला चांगलाच जाणवतो.

लाइट गेली तर दिव्यांची चिंता नको, एक दिवस अंधार कोरलला चालतो. पाणी हलणं थांबता कामा नये, कारण गरम पाण्यात आधीच प्राणवायू कमी असतो. वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीचा एअर पंप हाताशी ठेवा.

पंख्याचं बिल मिठात येतं

पाणी उडतं, मीठ उडत नाही. १०० लिटरच्या टँकमधून समजा पाच लिटर पाणी उडालं, तर ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता जवळपास ३७ होते. पंखा चालू असताना हे दोन दिवसांतही होऊ शकतं. म्हणजे लग्नासाठी अक्कलकोटला मुक्कामी गेलात आणि घरी कुणी पाणी घातलं नाही, तर परत आल्यावर कोरल मिटलेलंच दिसणार.

आणि इथे दुहेरी चूक होते. कमी झालेलं पाणी पाहून लोक मिठाचं पाणी घालतात, किंवा घाबरून एकदम पाच लिटर गोडं पाणी ओततात. भर नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याचीच घालायची, रोज थोडी. काचेवर पातळीची खूण करून ठेवा. जमत असेल तर ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घ्या; महागड्या लाइटपेक्षा आधी हे घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. क्षारता फार चढली असेल तर ती एक-दोन दिवसांत हप्त्याहप्त्याने उतरवा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. काट्याच्या हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो.

'आरओचंच पाणी आहे की!'

पिण्याच्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो थोडं मूळ पाणी परत मिसळतो. आपल्याला नको ते नेमकं तेच. टँकसाठी आरओनंतर डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार काढणारे दाणे) लावा आणि मीटरवर शून्य टीडीएस दिसेल तेच पाणी वापरा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात साठवण आलीच, पण गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं तापलेलं पाणी आरओच्या मेंब्रेनमधून (गाळणीच्या पडद्यातून) घेऊ नका. गरम पाण्यात जास्त क्षार पार होतात आणि रेझिन लवकर संपतं. पहाटे भरून ठेवा. वाया जाणारं पाणी संडास-गाडी धुवायला वापरा.

भरताना तांब्याचा हंडा, पितळी कळशी नको. तांबं माणसाला पवित्र असेल, कोरल आणि कोळंबीला विष आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबं असतं. ते औषध कोरलच्या टँकमध्ये कधीच घालायचं नाही, आजारी मासा वेगळ्या टबात काढायचा. डासांचा स्प्रेही त्या खोलीत नको.

कोरल घरी आल्यावर

पिशवी २०-३० मिनिटं तरंगत ठेवा, मग थेंबथेंब पाणी अर्धा-पाऊण तास. तासन्‌तास ठिबक लावू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडली की तो चढतो आणि आतला अमोनिया जास्त विषारी होतो. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. सुरुवातीला कोरल खाली, वाळूजवळ ठेवा. लाइट नेहमीच्या निम्म्या ताकदीवर, सहा-सात तास, आणि दर आठवड्याला थोडा थोडा वर. झोआ मान लांबवून उभे राहत असतील तर प्रकाश कमी पडतोय. चपटे होऊन फिके पडत असतील तर जास्त झालाय. एकदा ठेवल्यावर किमान दोन आठवडे जागा बदलू नका.

मुळात चार ते सहा आठवड्यांची सायकल (घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये वसण्याचा काळ) पूर्ण होऊन अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्याशिवाय कोरल आणूच नये, पण दुकानातलं हिरवं निळं पाहून कुणाला धीर धरवत नाही.

फार स्वच्छ पाणी

नव्या टँकमध्ये तपकिरी धूळ बसली की लोक फॉस्फेट काढणारी माध्यमं भरभरून टाकतात. ती धूळ म्हणजे डायॅटम हे सूक्ष्म शैवाल असतं, आपोआप जाते. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्य केले की मऊ कोरल उपाशी मरतं आणि टँकमध्ये चिकट, बुडबुड्यांचे धागे सोडणारे डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव मोकाट सुटतात. नायट्रेट ५-१० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असू द्या. उलट टोकही नको : फिक्या कोरलला 'ताकद यावी' म्हणून रोज खाणं ओतलं तर ते वाळूत सडतं. पॉलिप उघडे असतील तर आठवड्यातून एकदा चिमूटभर पुरे.

आणि खरंच मेलं असेल तर

कडेपासून वितळायला लागलं, तपकिरी जेलीसारखा लेप आला, बाहेर काढल्यावर कुजका वास आला, तर मात्र थांबू नका. सडलेला भाग कापून बाहेर काढा, नाहीतर शेजारची वसाहतही जाते. झोआच्या बाबतीत एक सावधगिरी विनोदावारी नेऊ नका. काही झोआ आणि त्यांचे नातलग पॅलिथोआ यांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याला द्या. झोआ चिकटलेला दगड गरम पाण्यात घासू नका, उकळू तर अजिबात नका, कारण त्या वाफेने घरातल्या सगळ्यांना त्रास होऊ शकतो. हाताळल्यावर तोंडात धातूसारखी चव, धाप किंवा छातीत आवळल्यासारखं वाटलं तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द आवर्जून सांगा.