गर्भपातानंतर योनीतल्या जिवाणूंची तपासणी कशी करून घ्यावी

पहिल्या तीन महिन्यांतले जवळपास निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तिथे तुमच्या स्वच्छतेचा काहीही संबंध नसतो, घरात कोणी काहीही म्हणो. जिवाणूंचं नाव येतं ते मुख्यतः तीन महिन्यांनंतरचे गर्भपात आणि अकाली प्रसूती यांच्या बाबतीत.

निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लता मोजायचं माप; जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.५ च्या आत ठेवतात. ते घटले की गार्डनरेला, प्रिव्होटेला वगैरे माजतात. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस, थोडक्यात बीव्ही म्हणतात. अंगावरून पातळ, राखाडी-पांढरं जातं, मासळीसारखा वास येतो आणि संबंधानंतर तो वाढतो. अनेकींना मात्र काहीच जाणवत नाही. दह्याच्या चोथ्यासारखं जाणं आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. मेडिकलमधून आणलेली बुरशीची गोळी बीव्हीवर चालत नाही, नेमकी इथेच बऱ्याच जणींची फसगत होते.

तपासणीसाठी स्त्रीरोग ओपीडी गाठा. ठाणे-नवी मुंबईकडे असाल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयातही ती आहे. आदले दोन दिवस संबंध नको, योनीत क्रीम नको, आतून धुणं तर कधीच नको. रक्त आणि वीर्य दोन्ही पीएच वाढवतात, म्हणून रक्तस्राव पूर्ण थांबल्यावरच जा. प्रोजेस्टेरॉनची गोळी योनीत ठेवत असाल तर ती मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा.

स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर स्रावाचा नमुना, घेतल्यावर ‘ग्रॅम स्टेन, न्यूजंट स्कोअर’ असं चिठ्ठीवर लिहून मागा. यात नमुना काचेवर रंगवून, कुठले जिवाणू किती दिसतात त्यावरून गुण देतात. ० ते ३ म्हणजे ठीक, ४ ते ६ अधलंमधलं, ७ ते १० म्हणजे बीव्ही. नुसतं कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून बघणं, नको. गार्डनरेला निरोगी बायकांतही उगवतो, मग नसलेल्या आजाराचं औषध सुरू होतं. घोडबंदर रोडवरच्या छोट्या कलेक्शन सेंटरमध्ये नमुना देणार असाल तर स्लाइड तिथल्या तिथे बनवून हवेत वाळवतात का, एवढं विचारा. सूक्ष्मदर्शकाखाली बीव्हीत योनीच्या पेशी जिवाणूंनी माखून कडेपर्यंत रव्यात घोळल्यासारख्या दिसतात.

बीव्ही निघाल्यास डॉक्टर बहुधा मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. तोंडाला कळकलेल्या ताकासारखी चव येते, मळमळतं, म्हणून गोळ्या मधेच सुटतात. जेवणानंतर घ्या, कोर्स पुरा करा. बीव्ही बऱ्याचदा पुन्हा उलटतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नवऱ्याला किंवा जोडीदारालाही गोळ्या आणि क्रीम दिल्यावर १२ आठवड्यांत तो ३५ टक्के बायकांत उलटला, एरवी ६३ टक्क्यांत. तेव्हा दुसऱ्यांदा निघाला तर ‘यांनाही औषध द्यायचं का?’ हे विचाराच.

एक खरं सांगायला हवं: बीव्ही बरा केल्याने पुढचा गर्भपात टळेलच अशी खात्री देता येत नाही. दोन किंवा जास्त गर्भपात झाले असतील तर थायरॉइड, साखर, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्ताच्या गुठळ्या करणारे प्रतिपिंड) आणि गर्भाशयाची सोनोग्राफी मागे ठेवू नका. आणि पुढच्या वेळी दिवस गेल्यावर अंगावरून पाण्यासारखं जायला लागलं, ताप आला किंवा रक्त दिसलं, तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी प्रसूती विभाग गाठा.